मॅडमची अर्धी भाकणूक

मला एका गोष्टीत कोंडून मॅडम गेल्या.

काल पहाटे, सांगलीच्या दवाखान्यात.
सगळे रडत होते. मला राग येत होता. अजून येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शालन मॅडम आमच्या म्हसवडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर दर रविवारी समाजमंदिरात आठवी ते दहावीच्या पोरापोरींना एआय शिकवायला लागल्या.

कॉम्प्युटर नाही, प्रोजेक्टर नाही.
एक सतरंजी आणि एक गोष्ट.

आमच्याकडं जत्रेत भाकणूक होते. देवाचा माणूस मधोमध उभा राहून पुढचं सांगतो. पाऊस कसा पडेल, मेंढरांवर रोगराई येईल का. तोवर गाव जागचं हलत नाही.

मॅडमनी तीच रीत उचलली. मधोमध उभ्या राहायच्या आणि खड्या आवाजात सुरू, "ऐका! साल दोन हजार साठ! गाव म्हसवड!"

पहिल्या दिवशी एका पोरानं खरंच भंडारा उधळला. "अरं मुडद्या, माझी साडी!" म्हणून ओरडल्या.
पुढच्या रविवारी पिवळी साडी नेसून आल्या.

गोष्ट कायम अशा जागी थांबायची, जिथं सगळ्या वाटा बंद. आठवडाभरात वाट पोरांनी शोधायची.

पहिल्याच गोष्टीत एक पोरगी मशीनच्या तावडीत अडकली. एका पोरानं वाट काढली.

"मॅडम, लाईट गेली. मशीन बंद. सुटली पोरगी!"
"अरं, साठ सालातबी लाईट जाणार?"
"म्हसवड हाय मॅडम. जाणारच."

त्या दिवसापासून नियम झाला. काहीही करा, लाईट घालवायची नाही.

एकदा त्यांनी भाक्याची गोष्ट सांगितली. भाक्या म्हणजे मशीन. आजवर शाळेत आलेल्या सगळ्या पोरांची माहिती त्याच्या पोटात. एक मेंढपाळाची पोरगी हॉस्टेलला जागा मागते. भाक्या म्हणतो, हिला देऊ नका, असल्या घरच्या पोरी दहावीच्या पुढं टिकत नाहीत.

मॅडमनी विचारलं, "भाक्या खोटं बोलला का?"

खोटं नव्हतंच ते.

नववीतली रेश्मा उठली. हिच्या घरचे वर्षातले सहा महिने मेंढरांमागं असतात.
"मॅडम, त्यानं मला कवा बघितलंय? त्यानं माझ्या आयला बघितलंय."

मॅडम खाली बसल्या. म्हणाल्या, "मी चार रविवार जे शिकवणार होते, ते हिनं एका वाक्यात संपवलं."

आता माझं.

मी सांगलीच्या विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून घरी आलो आणि रविवारी मॅडमच्या मदतीला जाऊ लागलो. कॉलेज का सोडलं, ते इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये शहाणपणा करू नये.

कॉलेजात जिच्यावर जीव जडला, ती अजून सांगलीतच आहे. तिच्या वडिलांनी मला दारातच सांगितलं, "कॉलेज सोडलेल्या पोरांचं पुढं काय होतं, आमी लय बघितलंय."
माझ्याकडं बघून नाही बोलले. गेटकडं बघून बोलले.

आमचे वडील, अण्णा, तर रोज जेवताना तेच. आधी चुलत्याच्या दुकानात बसशील, मग बसूनच राहशील.
तिकडं गेट बंद, इकडं दुकान उघडं. मधे मी आणि तिचा व्हॉट्सॲप स्टेटस.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो, तर मॅडमनी उशीला टेकून नवी भाकणूक सुरू केली. "ऐक. साल दोन हजार साठ. एक पोरगा कॉलेज सोडतो..."

भाक्यानं अशा हजारो पोरांची माहिती वाचलीय. तो बँकेला सांगतो, कंपनीला सांगतो, पोरीच्या बापाला सांगतो. सगळीकडं एकच उत्तर, हा पुढं जाणार नाही. दारं बंद.

मी भडकलो. "मॅडम, ही माझी गोष्ट हाय. काढा मला भाईर."
"मी कशी काढू? रविवारी पोरांपुढं मांड."
"आणि माझी शोभा करून घेऊ?"
"नाव बदल की!" म्हणून हसल्या. मग खोकला थांबेचना. नर्सनं मला बाहेर घालवलं.

गोष्ट तेवढीच राहिली.

काल सगळं उरकल्यावर पोरं मॅडमच्या अंगणातनं हलेनात. रेश्मा म्हणाली, "दादा, अर्धी गोष्ट तुमच्याकडं हाय म्हणं."

मी सांगितली. पोराचं नाव सागर ठेवलं. सगळ्यांना कळलं सागर कोण. कुणी हसलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

एकजण म्हणाला, "लाईट..." बाकीच्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो तिथंच थांबला.

मला वाटलं, झालं. पोरांनाही वाट दिसत नाही.

रेश्मानं विचारलं, "भाक्यानं हजारो पोरं वाचली. त्यातला एकबी सुटला नसंल?"
"असंल एखादा."
"तो कसा सुटला, भाक्याला म्हाईत हाय?"
"न्हाई. त्याला एवढंच दिसतं की बहुतेक अडकले."
"मग त्यालाच गाठाय पायजे. दादा, तुमच्या वळखीचा हाय का असा कोण?"

मी विचार केला. लय केला.
एक नाव आठवलं नाही.

म्हणून ही पोस्ट.

तुमच्यात कुणी असेल, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, सगळ्यांनी आधीच निकाल लावलेला आणि तरी कुठंतरी निघालेला, तर या रविवारी सकाळी म्हसवडच्या समाजमंदिरात या. मोठा माणूस झालेला नको. नुसता निघालेला चालेल. पोरं प्रश्न विचारतील, खरं सांगा. मीही सतरंजीवरच बसलेला असेन.

कुणी आलं नाही, तर मला पोरांना तेही सांगावं लागेल.

मॅडम, तुमच्यावर चिडूनच नमस्कार करतोय.
सावकाश जावा.