जोडीतला दुसरा कप

आईशी फोनवर बोलता बोलता मी दुसऱ्याच्याच घरात शिरलो, बूट काढले, किटली लावली आणि आईला म्हणालो, "हो गं, पोचलो घरी."

चूक माझी, पण त्या घराचाही तिला हातभार होता. कंपनीने काही महिन्यांसाठी परदेशी पाठवताना पत्रात 'काँडो' असं लिहिलं होतं. आईने विचारलं, म्हणजे काय रे? मी म्हणालो, फ्लॅटच, पण भाडं ऐकल्यावर नुसतं फ्लॅट म्हणायला जीभ रेटत नाही. इमारतीतले निम्मे फ्लॅट एकाच मालकीणबाईंचे, आणि बाईंनी ते सगळे एकाच दुकानातून, एकाच कंटाळ्याने सजवलेले. तोच राखाडी सोफा, भिंतीवर तेच होडीचं चित्र, कोपऱ्यात तेच प्लॅस्टिकचं झाड. त्या संध्याकाळी लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली आणि नववा समजून मी उतरलो. दार अर्धवट उघडं होतं. सकाळी ते नीट लागलंच नसेल, असं समजून स्वतःला एक शिवी हासडली आणि आत गेलो. दाराच्या फटीत चप्पल अडकवलेली होती. ती माझी नाही एवढं तरी कळायला हवं होतं. पण आई तेव्हा शेजारच्यांच्या भांडणात रंगली होती, आणि त्या विषयात मध्येच इकडेतिकडे बघायची सोय नसते.

कपाटात निळ्या फुलांचे दोन कप दिसले. माझ्याकडे पांढरे होते. मालकीणबाईंना उपरती झाली असेल, असा विचार करून मागचा कप काढला, चहा ओतला आणि टेबलापाशी बसलो. खुर्चीवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं, ते टरकन फाटलं. तेवढ्यात बाथरूममधून टॉवेल गुंडाळलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ बाहेर आले.

"तुम्ही माझ्या बाथरूममध्ये काय करताय?" मी मराठीतच ओरडलो. घाबरलेला माणूस भाषांतर करत बसत नाही.

"अंघोळ," ते म्हणाले. तेही मराठीत. "तू माझ्या घरात काय करतोयस?"

माझ्या हातातून कप सुटला.

आम्ही दोघं खाली बघत राहिलो. मग ते कसनुशा आवाजात म्हणाले, "पुढचा कप समोर होता की रे. मागचाच का घेतलास?"

अशी आमची ओळख झाली. दिवसभर एका बँकेच्या ऑफिसात बसून तिथल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, हे त्यांना कळल्यावर ते इतके हसले की टॉवेल सावरावा लागला. तेव्हापासून मी त्यांचा 'वरचा' आणि ते माझे 'खालचे काका'.

काका कागदाच्या कारखान्यात मशीन बसवून द्यायचे. मशीन यायचं ते सुट्ट्या भागांत. काका ते जोडायचे, चालवायचे आणि कागद न फाटता सलग निघायला लागला की त्यांचा मुक्काम हलायचा. म्हणजे जिथे सगळं सुरळीत झालं, तिथे काकांना राहायची परवानगी नाही. अशी कित्येक वर्षं ते भाड्याच्या सोफ्यांवर बसत आले होते. कुठल्याही घरात त्यांनी स्वतःची अशी एक वस्तू घेतली नव्हती. सोडून जायचंच आहे तर आणा कशाला? या घरात मात्र त्यांनी बाजारात हिंडून, घासाघीस करून ती जोडीची कपबशी आणली होती. कारण यंदा काकू येणार होत्या.

"दर वेळी काहीतरी निघालं," काका सांगत होते. मी जमिनीवर बसून तुकडे वेचत होतो. "आईचं आजारपण, मग पोरीची दहावी, बारावी, मग तिचं लग्न. आता मात्र तिकीट काढलंय. तिला हे सगळं दाखवायचंय रे एकदा. ती म्हणते, तुमच्या तिकडच्या आयुष्यातलं मला काय ठाऊक? फोनवर तुमचं नाक दिसतं आणि वरचं छत."

"आणि ही खुर्ची?"

"तिची. तोवर प्लॅस्टिक कशाला काढा म्हटलं. ते काम तू केलंसच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच कप आणून देतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून सुटल्यावर चार दुकानं पालथी घातली. कुठे सहाचाच सेट, कुठे फुलं निळी पण पाकळ्या भलत्याच. काकांनी कप घेतला होता त्या दुकानाला तर टाळंच लागलेलं. मी रिकाम्या हाताने परतलो. आठव्या मजल्याचं दार नेहमीसारखं चप्पल अडकवून उघडं होतं.

त्या चपलेची वेगळीच कथा. दारं आपोआप बंद होणारी, आगीच्या भीतीने तसा नियमच. काकांना ते सोसेना. "दार लावलं की हॉटेल वाटतं. आपल्याकडे झोपेपर्यंत कोणी दार लावतं का?" ते चप्पल अडकवायचे. इमारतीचा केअरटेकर फेरी मारायचा, चप्पल उचलायचा आणि खाली आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचा. मग काका एका पायात चप्पल घालून लिफ्टने खाली जायचे आणि दोघं एकमेकांना न समजणाऱ्या भाषांत भांडायचे. भांडण संपलं की केअरटेकर चप्पल दोन्ही हातांनी परत द्यायचा. दोघांचाही वेळ बरा जायचा.

काकूंना आणायला मीही काकांबरोबर विमानतळावर गेलो. काकू बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे बघत.

"हाच का तो, माझा कप फोडणारा?"

"काकू, चुकून झालं."

"ते कळलं. भरून कधी देतोयस ते सांग. आणि साधा चालायचा नाही, जोडीला शोभला पाहिजे."

"अगं, दमून आलीयस, गाडीत तरी बस," काका म्हणाले.

"बसतेय. तुम्ही किती वाळलात हो. फोनवर नाक एवढं मोठं दिसायचं."

त्यानंतरचे तीन आठवडे वर असलो की मी त्यांचे आवाज ऐकायचो, आणि अधूनमधून खाली डोकावायचो. माझ्या जमिनीखाली भांडी वाजायची, काकूंचा "अहो" ऐकू यायचा आणि दर थोड्या वेळाने काहीतरी सरकवल्याचा आवाज. काकूंनी टेबल भिंतीपासून ओढून खिडकीशी नेलं आणि दोन्ही खुर्च्या बाहेर तोंड करून लावल्या. "समोरासमोर बसून तुमचं तोंड काय बघायचं? बाहेर तरी बघू." होडीचं चित्र उलटं करून कपाटामागे ठेवलं. काका कारखान्यातून कडेचे कापून टाकलेले कागद आणायचे. स्वयंपाकघरातल्या एकूण एक कप्प्यात आणि खणात काकूंनी ते मापाने कापून, घडी मारून अंथरले.

"काकू, महिन्याभराच्या आत निघायचंय तुम्हाला," मी म्हणालो.

"म्हणून काय उघड्या फळीवर डबे ठेवू?"

फुटल्या कपाची बशी मात्र शिल्लक होती. तिचा निकाल काकूंनीच लावला. एका कपात दोघांचा चहा. निम्मा बशीत ओतून ती काकांकडे सरकवायची, कप आपल्याकडे. काका बशी दोन्ही हातांनी उचलून फुर्र करून प्यायचे. "कारखान्यात असंच पिता का सगळ्यांसमोर?" काकू विचारायच्या, आणि काका लाजायचे. पन्नाशीचा माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला.

एका सुट्टीच्या दिवशी काकांनी आम्हाला कारखाना दाखवायला नेलं. फाटकावर नियम निघाला, चपला चालणार नाहीत. काकूंना साडीखाली पुढे लोखंड असलेले अगडबंब बूट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालावं लागलं. "लग्नात सुद्धा एवढं नटवलं नव्हतं मला," त्या म्हणाल्या. आत एवढी घरघर की बोलणं खुंटलं. एका टोकाला दूध सांडल्यासारखा पातळ लगदा आणि दुसऱ्या टोकाला पांढराशुभ्र कागद, मधे आगगाडीएवढं लांब यंत्र. काका हातवारे करत एकेक रोलर दाखवत होते. काकू यंत्राकडे फार वेळ बघत नव्हत्या. यंत्रावरचे लोक काकांना बघून कसे बाजूला होतात, कोण हात हलवतो, काका कुठल्या कठड्यावर सवयीने कोपर टेकतात, ते बघत होत्या. निघताना त्यांनी त्या कठड्यावर स्वतःचा हात ठेवून बघितला. वरून फुंकर मारली आणि ओरडून म्हणाल्या, "धूळ किती आहे हो. यावर कोपर टेकता?"

काकू गेल्या. मुलीला सातवा महिना लागत होता, थांबणं शक्य नव्हतं. जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "कप विसरू नकोस. आणि यांच्याकडे जात जा. चुकून शिरतोस तसा."

मी गेलो. पण दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी केअरटेकरने मला खाली अडवलं, रिकामा खण उघडून दाखवला आणि वर बोट करून डोळ्यांनीच विचारलं, आजारी आहे का? मी जाऊन बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. आत बघतो तर त्यांनी फाटलेलं प्लॅस्टिक खुर्चीवर पुन्हा चढवून चिकटपट्टीने बंद केलं होतं. स्वयंपाकघरात एकही खण उघडलेला दिसत नव्हता. चहाची पावडर, साखर, चमचा, सगळं वर ओट्यावरच मांडून ठेवलेलं.

"काका, हे काय?"

"खण उघडला की तो कागद दिसतो," ते म्हणाले. ओट्यावरचा चमचा त्यांनी उगाच सरळ केला. मग म्हणाले, "आधी बरं होतं रे. घर नुसतं रिकामं होतं. रिकाम्या घराची मला सवय आहे, इतकी घरं काढली. आता हे रिकामं नाहीये. आता इथे ती नाहीये."

अशा वेळी आमच्या गावात लोक पाठीवर हात ठेवतात किंवा चहाचं विचारतात. चहाचं विचारायची सोय नव्हती.

"एक मागू?" काका म्हणाले. "तुझं घर मला दे. हे तू घे. तसंच तर आहे सगळं. फक्त तिथे ती कधी आली नाही."

ते खरं होतं. काकूंना मी दोनदा वर बोलावलं होतं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "पोरांच्या खोल्या मी बघत नाही, डोळ्यांना त्रास होतो."

मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मला काय, दोन्हीकडे सोफा तोच आहे. आमचे संसार दोन दोन बॅगांचे, अर्ध्या तासात उलथापालथ झाली. केअरटेकर लिफ्ट धरून उभा होता. आम्ही भांडलो की काय, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं.

आठव्या मजल्यावर मी राहायला लागलो. पहिले काही दिवस लिफ्टमधून सवयीने नवव्यावर उतरायचो आणि स्वतःशीच हसत जिन्याने खाली यायचो. प्लॅस्टिक मी काढून टाकलं. कागदाला मात्र हात लावला नाही. खण उघडला की त्याच्या कडा दिसायच्या, कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या, कोपऱ्यात नीट दुमडलेल्या. माझ्या आईच्या डब्यांखाली असतो तसा. मग मी खणच उघडा ठेवून उभ्याने जेवायचो. काकांना ज्याचा त्रास होत होता, त्याच्यावर माझं पोट भरत होतं.

मग एका संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर दार अर्धवट उघडं. फटीत चप्पल.

आत खिडकीशी, बाहेर तोंड करून काका बसले होते. जुनी किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. समोर कपबशी, वर जाताना कपाटातच सोडलेली. कपात चहा, बशीतही चहा, बशीतला गार होऊन साय धरलेला.

मला बघून ते गडबडीने उठले. "अरे, चुकलो बघ. लिफ्ट थांबली आणि उतरलो."

त्यांना दारात चप्पल अडकवायला वेळ मिळाला होता, चहा करायला मिळाला होता, खालच्या खणातून गाळणं काढायला मिळालं होतं. मी म्हणालो, "होतं असं. सगळी घरं सारखीच. बसा."

"बसू?"

"चहा झालाच आहे की."

ते बसले. बशीतला गार चहा त्यांनी सिंकमध्ये ओतला, कपातला निम्मा पुन्हा बशीत ओतला. कप माझ्याकडे सरकवला, बशी स्वतःकडे. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवे लागत होते. कुठे कोणी भांडी घासत होतं, कुठे टीव्ही.

"ती म्हणायची, त्या पलीकडच्या बाईने पडदे धुवायला काढले वाटतं," काका म्हणाले. "रोज बघायची. आता परत लागले की नाही?"

"लागले. पिवळे आहेत."

"पिवळे? तिला सांगायला हवं."

त्यानंतर काका रोज चुकायला लागले. मीही रोज "होतं असं" म्हणायला लागलो. केअरटेकरची फेरी झाली की चप्पल पुन्हा खणात जायची आणि आता आम्ही दोघं ती सोडवायला जायचो. एक भांडायला आणि एक हसायला.

पुढे मशीन रुळलं, कागद सलग निघायला लागला, आणि नेहमीसारखा काकांचा मुक्काम हलला. या वेळी निदान घराकडे, नातवाचं तोंड बघायला. कपबशी त्यांनी सोबत नेली, एक कप आणि दोन बशा, मोज्यांत गुंडाळून. जुनी किल्ली टेबलावर ठेवली आणि खण उघडून, कागदावरून एकदा हात फिरवून बंद केला.

माझे अजून काही आठवडे आहेत. कागद अजून खणात आहेत. घर सोपवताना त्यांचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.

काकूंचा फोन येतो. मागे नातू रडत असतो आणि काका तोंडाने मशीनचा आवाज काढून त्याला गप्प करत असतात. काकू पलीकडच्या बाईचे पडदे विचारतात, मी सांगतो. मग फोन ठेवायच्या आधी येतोच तो प्रश्न.

"आणि माझा कप?"

"शोधतोय काकू."

खोटं नाही ते. बँकेजवळच्या दुकानात काचेपलीकडे एक आहे, निळ्या फुलांचा, एकटाच. जवळजवळ तसाच, फक्त एक पाकळी जास्त वाटते. रोज येता-जाता थांबून मोजतो. अजून घेतलेला नाही.