लोखंडी तोरण

तारमास्तर मोरोपंताचं नाव काढलं की लोक म्हणतात, लय तुसडा माणूस. होताच! मी काही त्याची बाजू घेऊन नाही राहिली. पण माहा धनी तुरुंगाच्या दारातून वापस आला तो त्याच तुसड्यामुळं.

तिकडं अमेरिकेत लढाई पेटली अन् आमच्या वऱ्हाडात कापसाले सोन्याचा भाव आला. मुंबईचा भाव अकोल्याहून तारेनं अमरावतीले ये. त्या वर्षी पोळा झाला अन् तार मुकी झाली. व्यापाऱ्याईनं नुसता कालवा केला. शिपाई तारेच्या कडेची शेतं धुंडाळत आमच्याकडं आले. आमच्या मालकानं, खुशालरावानं, कपाशीत फिरवाचा मोडका डवरा बाजारच्या तारेनं बांधला होता. झालं! “यानंच तुकडा कापला अन् उरलेली तार कशीबशी जोडली,” म्हणे. धरून अमरावतीले नेलं. मी मांगंमांगं शिव्या देत गेली.

तारघरात साहेब म्हणे, उद्या कचेरी, मंग तुरुंग. मोरोपंत नवाच होता, वरूडच्या भटजीचा पोरगा. यंत्राच्या काट्यावरून नजर काढीना. मी रडाले लागली तर माह्यावरच खेकसला, “बाई, गप्प बसा, मोजू द्या!”

मंग साहेबाले म्हणाला, “बॅटरी तीच, म्हणजे जोर तोच. जोराला प्रवाहानं भागलं की तारेचा अडथळा निघतो. जोड वाईट असता तर अडथळा वाढला असता, काटा कमी हलला असता. इथं नेहमीपेक्षा दुप्पट हलतोय. प्रवाह दुप्पट, म्हणजे अडथळा निम्मा. तार अर्ध्या वाटेवर जमिनीला लागली आहे, वीज तिथूनच मातीत जाते.”

“पाण्याचा पाट अर्ध्यात फुटला, असंच ना?” मी मधातच बोलली.

“तसंच. आता गप्प बसा.”

साहेब तापला. “अर्धी वाट म्हणजे मूर्तिजापूर. जाऊन दाखव. नाही सापडलं तर हा तुरुंगात अन् तू घरी!”

मोरोपंत भर पावसात घोड्यावर निघाला. 

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात सापडलं. पोळ्याले आमी आंब्याच्या पानांचं तोरण दोरीनं बांधतो, खाली बैलं उभे करतो, अन् तोरण तोडलं की पोळा फुटते. तिथल्या जानराव पाटलाले कापसाचा माज! “दोरी काहून? लोखंडी साखळी लावा!” एक टोक सरकारी तारेवर टाकलं, दुसरं वल्ल्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पहारीले बांधलं. पण साखळी तोडते कोण? बैलं घरी गेले, अन् हे तोरण आपलं तसंच लोंबत राहिलं. हात्तिच्या मारी!

साखळी काढली, तार बोलाले लागली, मालक सुटले. मी मोरोपंताच्या पाया पडली. म्हटलं, “पंत, माहा माणूस चोर नाही, हे तुमी पहिलेच वळखलं ना?”

“छे! मी त्याला कुठं ओळखतो? काटा कमी हलला असता तर तेही साहेबाला असंच सांगितलं असतं.”

अस्सा राग आला मले! एवढ्या पाया पडल्यावर हे बोलणं? घरी येईस्तोवर मी त्याच्या नावानं बोटं मोडली. मालक आपले गालात हसून राहिले.

“गोदे,” ते म्हणाले, “तो असा आहे म्हणूनच तर साहेबानं त्याचं आयकलं.”