न धुतलेली चुंबळ

जव्हारला स्वतःचं श्वानपथक हवं, हे मी तीन वर्षं सांगत होतो. मोखाड्याच्या टोकाला काही घडलं की कुत्रा पालघरहून निघायचा. तो घाट चढून येईपर्यंत अर्धा गाव त्या जागेवरून फिरून गेलेला असायचा. शेवटी एक डॉबरमन कुत्री मिळाली, आणि पन्नाशीला टेकलेला मी हवालदार तिला सांभाळायचं प्रशिक्षण घेऊन आलो. साहेबांनी एकच अट घातली.

"उन्हाळा संपेपर्यंत एक तरी माग काढून दाखवा. नाहीतर कुत्री जिल्ह्याला परत."

मी तिचं खाणं तोलून द्यायचो, दर सोमवारी वजन करायचो. बायको म्हणायची, "पोरांच्या वेळी कुठे होता हा तराजू?"

मे अर्धा सरला तरी आमच्या नावावर एकही माग नव्हता. मग सूर्यमाळच्या एका पाड्यावरून फोन आला. बकरी शोधायला गेलेली म्हातारी परतली नव्हती. बकरी मात्र आपली आपण आली होती. "म्हातारीचं एक लुगडं काढून ठेवा," एवढं मी फोनवर सांगितलं आणि उजाडताच आम्ही पोचलो. ऊन चढून कातळ तापला की वास टिकत नाही, म्हणजे हातात जेमतेम दोन तास होते.

म्हातारीच्या सुनेनं लुगडं आणून दिलं, व्यवस्थित घडी घातलेलं. कुत्रीनं ते हुंगलं, घराला वळसा घातला आणि मागच्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसली.

"हवालदार, तुमच्या कुत्रीला आंघोळ करायची हाय," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी लुगडं नाकाशी नेलं. साबणाचा वास.

"हे धुतलं का?"

"मंग? सरकारच्या हातात मळकं कसं देव?" सून म्हणाली.

दाराशी दोन हंडे होते, त्यातला एक पालथा. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. या घरानं प्यायच्या पाण्यातून आमच्यासाठी लुगडं धुतलं होतं. रागवायला तोंडच राहिलं नाही.

"म्हातारी रोज वापरते, पण कोणीच धूत नाही, असं काही आहे?"

सुनेच्या नवऱ्यानं खुंटीकडे बोट दाखवलं. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ.

"ती नको," सून लाजून म्हणाली. "घामानं काळी झालीय."

"तीच हवी."

चुंबळ मी स्वतः उतरवली, दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. कुत्रीनं तिच्यात नाक खुपसलं ते बराच वेळ. मग दोरी ताणली गेली. करवंदीच्या जाळ्या, कोरडा ओहोळ, पलीकडचा उभा चढ. दोनदा ती अडली, मागे वळली, पुन्हा वास धरला. माझी छाती फुटायची वेळ आली होती, पण दोरी मी सोडली नाही. पायाखालचा दगड गरम लागू लागला तेव्हा ती एका ऐनाच्या झाडाखाली थांबून भुंकली.

म्हातारी बुंध्याला टेकून बसली होती. घोटा सुजून टम्म झालेला, ओठ सुकलेले.

"कुत्रा कोनाचा रं?"

"सरकारचा, आजी."

"चावतो का?"

"नाही."

"मंग सरकारचा नसंल," म्हातारी म्हणाली आणि पाणी मागितलं.

तिला डोलीतून खाली आणलं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "राहू दे कुत्री जव्हारलाच."

दुसऱ्या आठवड्यापासून मी कुत्रीला घेऊन पाड्यापाड्यांवर जाऊ लागलो. सगळीकडे एकच सांगणं: माणूस हरवला तर त्याचे कपडे धुऊ नका, हातही लावू नका. जामसरला एका बाईनं विचारलं, "आन सापडल्यावर?"

"सापडल्यावर खुशाल धुवा."

"पानी तुमी आनाल ना, दादा?"




पुढच्या फेरीला मी जीपमध्ये दोन कॅन भरून ठेवले. एक कुत्रीसाठी, एक त्या बाईसाठी.