कोणत्या भाजीसारखा हिरवा

चाळीस वर्षं मी जळगावात गाड्या रंगवतोय आणि मला हिरवा रंग दिसत नाही. हे माझ्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हिरवा आणि तपकिरी मला सारखेच मळकट दिसतात. टोमॅटो पिकलाय की कच्चा हे मला दाबल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती आयुष्यभर चिडवत आली. बाहेर मात्र तिने चकार शब्द काढला नाही.

आमचं घर वर्कशॉपच्या मागेच. हिरवा कालवला की मी डब्याच्या झाकणावर एक पट्टा ओढायचो आणि मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारायचो. ती कणकेच्या हातांनी यायची, डोळे बारीक करायची आणि भाजीपाल्यात निकाल द्यायची. “अहो, हा कढीपत्ता झाला. भरताच्या वांग्यावर आणा.” आपल्याकडची भरताची वांगी फिकट हिरवी, एवढं मला ऐकून माहीत. मग मी थोडा पिवळा, थोडा पांढरा टाकायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून हिरवी गाडी दारात आली की मी काही ना काही सबब सांगून परत पाठवायचो.

मग चोपड्याकडचे एक नाना जुना लष्करी ट्रक घेऊन आले. ते फौजेत अशाच ट्रकवर ड्रायव्हर होते. हा लिलावात निघालेला, पुढे केळीच्या व्यापाऱ्याकडे राबलेला. अंगावर पिवळा, निळा, पुन्हा पिवळा असे थर. “माले फौजमधला तोच रंग जोयजे, भाऊ,” नाना म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. पण तासभर कुणी समोर बसून माझ्याशी बोलत होतं, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मी हो म्हणालो.

डॅशबोर्डावर पत्र्याची एक पट्टी होती. ती उचकटली तर खाली तळहाताएवढा मूळ रंग ऊन न लागता शाबूत राहिलेला. त्यावरून मी कालवत बसलो. झाकणावर पट्टा ओढला आणि सवयीने मागच्या दाराकडे वळून हाक मारली. चांगली मोठ्याने. मग ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो.

शेजारच्या वेल्डरला विचारता आलं असतं, पण रंगाऱ्याने रंग विचारायचा म्हणजे अब्रूच गेली. मूळ रंगाच्या शेजारी माझा पट्टा धरला. मला दोन्ही एकच दिसले. मी सरळ एक दरवाजा रंगवून टाकला.

दोन दिवसांनी नाना आले आणि दरवाजासमोर थबकले. “हाऊ ते तपकिरी शे, भाऊ.”

“हे नुसतं अस्तर आहे, नाना. खरा रंग यावर चढायचाय.”

“अस्तर इतलं चमकस?”

खोटं पुढे रेटवेना. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हिरवा दिसत नाही, बघणारी होती, आता नाही. नाना रागावतील, ट्रक ओढून नेतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं. “कालवा. मी देखस.”

दुपारभर मी टाकत गेलो, ते मान हलवत गेले. तिच्या जागी परक्या माणसाला बसवतोय असं वाटून मला रडू आलं. थिनर डोळ्यांत गेला म्हणालो. शेवटी एका पट्ट्यावर नाना ताडकन उठले. “हाऊच! बठ्ठा ट्रक यानाच करा.” सगळा ट्रक त्याच रंगाचा करायचा ठरला.

“कोणत्या भाजीसारखा झालाय?” मी विचारलं.

नाना हसले. “भाजी? रंग म्हंजे रंग शे, भाऊ.”

आठ दिवसांनी ट्रक गेला. नाना खिडकीतून हात बाहेर काढून हॉर्न वाजवत निघाले, रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. सगळे म्हणतात, माझ्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम. तो रंग कसा होता, हे मला अजून माहीत नाही.