शिकस्त म्हणजे हार

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर आगपाखड करीन तेव्हा कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

शारजात अल नहदाला आमच्या इमारतीत चार अफगाण कुटुंबं राहतात. त्यांनी आणि आम्ही काही हौशी भारतीयांनी मिळून एका शाळेच्या हॉलमध्ये अफगाण सिनेमांचा दोन दिवसांचा महोत्सव करायचं ठरवलं. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून राबणारे. माझ्या वाट्याला इंग्रजी सबटायटल्स आली. त्यांची दरी भाषा, म्हणजे अफगाणी फारसी, मला येत नाही. एक अफगाण शेजारी कच्चं भाषांतर द्यायचा, मी ते नीट करून पडद्यावर बसवायची. शेवटच्या छोट्या डॉक्युमेंटरी फिल्मची अखेरची दोन मिनिटं उरली आणि त्याला कंपनीने खोर फक्कानच्या बंदरावर पाठवलं. फोन लागेना. मी म्हटलं, त्यात काय एवढं? दरवाजा, आवाज, उमेद, शहर, निम्मे शब्द तर आपल्याच घरातले.

त्या फिल्ममध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्याच एक बाई होत्या. काबूलला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, इथे घरी बसून पडदे शिवतात. मी त्यांना बाईच म्हणते, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. शाळा त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. आठवड्यात उघडेल असं मुलींना सांगून किल्ल्या नव्या राजवटीच्या माणसांना दिल्या आणि देश सोडला. फिल्मच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून त्या मुलींना म्हणतात, "मन शिकस्त खुर्दम."

आणि मी, मराठी माध्यमातली हुशार विद्यार्थिनी, काय लिहावं? प्रयत्नांची शिकस्त केली, याचं चोख इंग्रजी. आय ट्राइड माय व्हेरी बेस्ट. अरे, हिंदीत, उर्दूत, दरीत, सगळीकडे शिकस्त म्हणजे हार. आपल्या मराठीतच ती प्रयत्नांना जाऊन चिकटली आहे. जन्मभर हिंदी सिनेमे बघूनही हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. बाई म्हणत होत्या, मी हरले. मी त्यांच्या तोंडी घातलं, मी माझ्याकडून सगळं केलं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, दुबईत मार्केटिंगमध्ये. त्यांना ती ओळ फारच आवडली. बाईंच्या फोटोखाली ती छापून पोस्टर सगळ्या ग्रुपांवर फिरलं आणि दोन दिवसांत काबूलला पोचलं.

बाई फोन हातात धरून माझ्या दारात आल्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज होता. ती मुलगी बाईंवर इतकी चिडलेली की तीन वर्षं बोलत नव्हती. बाईंनी फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागितली तेव्हा कुठे हल्ली जरा बोलायला लागली होती. बाईंनी मला मेसेजचा अर्थ हिंदीत सांगितला. फोनवर आम्हाला सांगता मी हरले, आणि लोकांना सांगता मी सगळं केलं. आता मला फोन करू नका.

मी चूक कबूल केली, हात जोडले. बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की खोटं चारचौघांत बोललं गेलं, तेव्हा खरंही चारचौघांतच बोललं जायला हवं. आता नुसत्या फोनवर ती मुलगी विश्वास ठेवणार नाही.

मी तडक अध्यक्षांकडे गेले. पोस्टर काढा, चूक झाली म्हणून कळवा. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, मेसेज पॉझिटिव्ह आहे. 'आय लॉस्ट' वाचायला कोण येणार? लोकांना होप पाहिजे."

"त्यांची हार आहे ती," मी म्हटलं. "ती पुसणारे तुम्ही कोण?"

बघू, इन्शाल्ला, म्हणाले. इतकी वर्षं इथे काढल्यावर इन्शाल्लाचा कोणता सूर म्हणजे नाही, हे मला कळतं. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने आयुष्यात एक शाळा सोडा, एक खोलीही जीव मुठीत धरून सोडलेली नाही, तो एका हरलेल्या बाईला होप शिकवणार!

महोत्सवाच्या दिवशी हॉलच्या दारातच त्या ओळीचा पुरुषभर उंचीचा बॅनर. पडद्यावरची ओळ मात्र मी कोणाला न विचारता बदलली होती. आय वॉज डिफीटेड. फिल्म संपली, दिवे लागले आणि अध्यक्ष माइक घेऊन सुरू झाले. ही झुंजार स्त्री, ही फायटर, हिने हार मानली नाही. नुकतंच सगळ्यांनी वाचलं होतं हो, मोठ्या अक्षरांत! तरी माना डोलत होत्या.

बाई उठल्या. माइक त्यांनी मागितला नाही, सरळ हातातून घेतला. त्या मुलीला पाठवायचं म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मैं हार गई थी," बाई म्हणाल्या. "पोस्टर पर जो लिखा है, गलत है। ताली मत बजाइए।"

मग त्या फोनकडे वळल्या, मुलीचं नाव घेतलं आणि तेच दरीत म्हणू लागल्या. हॉलला वाटलं, काय हा विनय. पहिल्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली, मागची त्यांचं बघून, आणि अख्खा हॉल टाळ्या पिटायला लागला. मी हातवारे करत होते, गप्प बसा म्हणून. लोकांना वाटलं मी आणखी जोरात म्हणतेय.

घरी आल्यावर बाईंनी सांगितलं, टाळ्या कापून पाठव. मी लॅपटॉपशी झटापट केली, काही जमलं नाही. शिकस्त या शब्दावरच टाळ्या चढल्या होत्या. टाळ्या काढल्या की तो शब्दही जात होता.

बाई म्हणाल्या, तशीच पाठव. पाठवली. मुलीने ती बघितली, निळ्या खुणा आल्या. तिने लिहिलं, तुमचं अभिनंदन.