घरबसल्या घेतलेला चार्ज

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे, हे आमच्या गडमुडशिंगीत कुणाला पटवून देणं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं. "पायलट न्हाईस, हवाईसुंदरी न्हाईस, मग इमानात करतीस तरी काय?" असं शेजारच्या काकू विचारायच्या. आता मी विमानात नसतेच, हे त्यांना कसं सांगू? मी मुंबईच्या ऑफिसात चार पडद्यांसमोर बसते. विमान कुठल्या वाटेनं जाईल, इंधन किती घ्यायचं, उतरायच्या ठिकाणी हवा बिघडली तर जवळचं दुसरं कुठलं विमानतळ गाठायचं, हे सगळं मांडून खाली सही करते. शेजारी कॅप्टनची सही. दोन्ही सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. आमच्या आण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तलाठीच की." त्यानंतर मी नाद सोडला.

लॉकडाऊन लागला, विमानं जमिनीवर आली आणि कंपनीनं निम्म्याहून जास्त डिस्पॅचरांना बिनपगारी रजेवर घरी पाठवलं. पहिल्याच यादीत मी होते. राग इतका आला की सामान भरताना पिशवीची चेन तोडली. पण खरं सांगायचं तर गावाकडे आल्यावर महिनाभरात माझा राग निवळला. कितीतरी वर्षांनी मी पाळ्यांच्या घड्याळाशिवाय झोपले. आईच्या हातची भाकरी, खर्डा, वर म्हशीचं दही. मूठभर मांस चढलं अंगावर. आई तर खूषच होती. "ऱ्हा की हितंच, कुणाचं काय अडलंय?" म्हणायची.

अडलं होतं ते माझंच. आमच्या कामाची मंजुरी जिवंत ठेवायची तर ठरावीक काळात टेबलावर बसावंच लागतं. तो काळ उलटला की पुन्हा शिकाऊ व्हायचं, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली बसून परीक्षा द्यायच्या. आणि त्या दिवसांत शिकाऊ माणसाला कोण उभं करणार? घरी बसलेले अनुभवीच ढीगभर होते. माझ्याकडे थोडेच महिने उरले होते. दह्याची वाटी हातात असली तरी हे मी विसरत नव्हते.

माझ्याच बॅचची एक मैत्रीण, डोंबिवलीची, तिला मात्र कंपनीनं ठेवून घेतलं होतं. आम्ही दोघी एकच टेबल आलटून पालटून चालवायचो. आमच्यात चार्ज देण्याची रीत फार कडक. पाळी संपली म्हणून उठून चालू लागायचं नाही. पुढचीला शेजारी बसवायचं, एकेक उड्डाण तोंडानं सांगायचं, तिनं उलटे प्रश्न विचारायचे, आणि ती "घेतला" म्हणाली की मगच खुर्ची सोडायची. आता तिच्यानंतर टेबलावर येणारं कुणी नव्हतंच. विमानं कमी झाली तशी माणसं त्याहून कमी झाली, आणि हिच्या एकटीकडे तिघांची उड्डाणं आली. तिची पाळी दुपारी संपली की टेबल दिल्लीच्या ऑफिसकडे जायचं, एका मेलवर. प्रश्न विचारायला कुणी नाही.

एके दिवशी अडीच वाजता तिचा फोन आला. "बस खाली, चार्ज घे," म्हणाली. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. पण ती खरंच एकेक उड्डाण सांगायला लागली. "तुझं डोकं गंजायला नको," म्हणाली, "आणि मला कुणी उलटं विचारल्याशिवाय चैन पडत नाही." त्या दिवसापासून रोज अडीचला मी गच्चीच्या जिन्यात वही घेऊन बसायची. आण्णा जाता येता चिडवायचे, "चला, तलाठ्याचं हापीस उघाडलं."

असे बरेच महिने गेले. एका दुपारी तिचा आवाज नेहमीपेक्षा थकलेला होता. कर्नाटकातल्या एका लहान शहराला जाणारं साडेचारचं विमान ती सांगत होती. तिथं ढग खाली आले होते.

"उतरता नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर तुझ्या गावाला येतंय," ती हसली. "कोल्हापूर घेतलंय पर्यायी."

मला आनंद झाला. गावाशेजारी विमानतळ असूनही त्या दिवसांत डोक्यावरून विमान जाणं दुर्मीळ झालं होतं. मी जिन्यावरून सहज समोर पाहिलं आणि चपापले. समोरच्या अंगणात शेजारचे दाजी लुंगी लावून म्हैस धूत होते. हे दाजी विमानतळावरच्या अग्निशमन गाडीवर कामाला. ती गाडी तयार नसेल तर विमानतळ उघडं धरत नाहीत.

फोन कानाला तसाच ठेवून मी ओरडले, "दाजी, आज सुट्टी?"

"सुट्टी कशाची? बंद क्येलंय की. ह्या आठवड्यापासनं दीडलाच कुलूप. दुपारचं इमानच न्हाय तर बसून काय करायचं?" ते म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवर बादली ओतली.

फोनवर तिनंही ते ऐकलं होतं. मग मला तिच्या बोटांचा आवाज आला, कीबोर्डवरचा. कोल्हापूर विमानतळाची वेळ बदलल्याची सूचना आली होती. सकाळपासून आलेल्या ढीगभर सूचनांत ती तिच्या नजरेतून सुटली होती. विमान सुटायला अजून तासाहून जास्त वेळ होता. तिनं दुसरं विमानतळ घेतलं, इंधन वाढवलं, कॅप्टनला फोन केला, नव्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. विमान गेलं आणि जिथं जायचं तिथं नीट उतरलंही. कुणाला पत्ता लागला नाही.

"मी हे वर लिहून देते," संध्याकाळी ती म्हणाली. आमच्यात अशी कबुली लिहून द्यायची पद्धत आहे. पण ते सुगीचे दिवस असताना. कामावरच्यांच्या यादीतून नावं गळत असताना स्वतःच्या हातानं स्वतःची चूक कोण लिहील?

"येडी हैस काय?" मी गावच्या भाषेत तिच्यावर घसरले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बस."

तिनं फोन ठेवला. आता एक कबुली माझीही. त्या संध्याकाळी भाकरी खाताना माझ्या मनात येऊन गेलं, की हिनं लिहिलंच, तर एक खुर्ची रिकामी होईल. माझी मला इतकी लाज वाटली की मी ताटावरून उठले. आईला वाटलं, खर्डा तिखट झाला.

दुसऱ्या दिवसापासून अडीचचा फोन बंद झाला. मी केला तर तिनं उचलला नाही. मी समजले, माझ्यावर रागावली. तीन आठवडे मी रोज त्या वेळी जिन्यात जाऊन बसायची आणि उठून यायची. मंजुरीचे दिवस सरत आले होते. एवढी मैत्रीण गमावली तर मंजुरी राहून तरी काय करायची, असंही वाटायचं.

मग आमच्या साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "सोमवारपासून कामावर या. त्या टेबलाला दुसरी खुर्ची मंजूर झाली आहे."

"आणि ती?" मी आधी तेच विचारलं.

"ती आहे. चौकशी चालू होती म्हणून तिला कुणाशी बोलायची मनाई होती. ताकीद मिळाली, टेबल तिचंच आहे." मग ते जरा घुटमळले. "तिच्या अर्जातलं शेवटचं वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो. 'चूक माझी आहे. ती घरी बसवलेल्या सहकारी बाईंनी फोनवर पकडली. चूक करणारी टेबलावर आणि पकडणारी घरी, हे मला बरोबर वाटत नाही. दोघींपैकी एकीलाच ठेवायचं असेल तर त्यांना ठेवा.'"

मी त्यांना नीट उत्तरही दिलं नाही. तिला फोन लावला तो चांगली खडसावायची म्हणून. तिनं "हॅलो" म्हटलं आणि मला रडूच फुटलं. अंगणातून आई धावत आली, तिला वाटलं कुणी गेलंच.

"रडून घे पोटभर," ती पलीकडून म्हणाली. "पण सोमवारी वेळेवर ये. सात महिने झाले, मला एकदा निवांत झोपायचंय."