पोथीची सुटी पानं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जाड पुस्तक हातात घेतलं की अजूनही छाती दडपते. किती वाचायचं राहिलं आहे ते बोटांना आधीच कळतं, आणि मग डोळे पुढं सरकत नाहीत.

सासूबाईंच्या पोथीचं तसं नव्हतं. जुन्या छापाची, लांब आडव्या सुट्या पानांची पोथी. शिवण नाही, पुठ्ठा नाही. वर-खाली दोन लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापड. एक बाजू वाचली की पान खालून वर उलटायचं, म्हणजे मागची बाजू सुलटी समोर यायची. हातात आलेलं पान तेवढं वाचलं की झालं. त्याचा शेवट दिसायचा.

श्रावणात दुपारी आमच्या ओसरीवर शेजारच्या बायका जमायच्या. सासूबाई पानं वाटून द्यायच्या, जिला जेवढं झेपेल तेवढं. मला दोनच पानं. ती मी सकाळीच मागून घ्यायचे. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि भाकरी थापता थापता एकेक जोडाक्षर फोडून घ्यायचे. दुपारपर्यंत पान तोंडात बसायचं. मग माझी पाळी आली की मी न अडता वाचायचे.

चारचौघींत माझा आवाज फुटत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण शेजारणींशी सलग चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांनी माझा आवाज ऐकला तो त्या दोन पानांपुरता.

सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगा नगरहून आला. तिथं तो एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं पोथीचं कापड सोडून पाहिलं. कडा झडल्या होत्या, काही पानं मागंपुढं झाली होती.

"आई, अशीच ठेवली तर पानं हरवतील. मी बाइंडिंग करून आणतो. आजीची आठवण आहे."

नको म्हणावंसं वाटलं. पण का नको, हे मला सांगता आलं नसतं. तो मायेनं म्हणत होता. मीच पोथी कापडात बांधून त्याच्या पिशवीत ठेवली.

परत आली ती मरून रेक्झीनच्या पुठ्ठ्यात, वर सोनेरी अक्षरं. देखणी झाली होती. हळद-कुंकू वाहून देव्हाऱ्याशेजारी ठेवली, ती श्रावणापर्यंत कुणी उघडली नाही.

पहिल्या सोमवारी शेजारच्या काकूंनी उघडली. एक बाजू वाचली, पान उलटलं आणि थांबल्या.

"अगं बाई, हे काय! अक्षरं डोक्यावर उभी हायेत की."

बाइंडिंगवाल्यानं पोथी नेहमीच्या पुस्तकासारखी डाव्या कडेनं शिवली होती. शिवायला हवी होती वरच्या कडेनं. आता प्रत्येक पानाची मागची बाजू उलटी येत होती. काकूंनी पोथी गर्रकन फिरवली, पुढच्या बाजूला पुन्हा फिरवली.

"मी पोथी वाचतीया का ट्रॅक्टरचं स्टेरिंग फिरवतीया?"

बायका खो खो हसल्या. त्यांची धाकटी जाऊ म्हणाली, "आवो बाई, समोर कुनाला तरी बसवा की. सुलटं तुमी वाचा, उलटं ती वाचंल."

"व्हय की! ये गं, तू बस समोर. तुझा आवाज ग्वाड हाय."

बोट माझ्याकडं होतं. उठून समोर बसले. ते पान सकाळी माझ्या हातात आलेलं नव्हतं. पहिल्याच ओळीत अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू लहान मुलीला सांगावं तसा एकेक शब्द सांगू लागल्या.

"दरवर्षी तर घडाघडा वाचायचीस. चष्मा लागला का गं?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या निमित्तानं मी आतच राहिले. काकू एकट्याच पोथी फिरवून फिरवून वाचायच्या. त्यांची मनगटं भरून यायला लागली. त्या श्रावणात पोथी अर्धीच राहिली.

शिवण उसवता येईल का, असं मुलाला विचारलं. तो विचारून आला. कडा कापून सरसानं चिकटवल्या आहेत, उसवली तर पानं फाटतील. त्याचा चेहरा उतरला, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा सुनेबरोबर शिर्डीला गेले होते. दर्शन झाल्यावर पोथ्यांच्या दुकानात मी स्वतः विचारलं, "सुट्या पानांची मिळेल का?"

"आता कोण घेतं मावशी सुटी पानं? ही घ्या, सगळी एकाच पुस्तकात."

बारीक टायपाचं जाडजूड पुस्तक होतं. हातात घेतलं आणि परत ठेवलं.

सून म्हणाली, "आई, मोबाईलवर आहे ना सगळं. मी स्पीकरवर लावून देईन. तुम्हाला वाचायचा त्रासच नको."

मनानं चांगली आहे ती. मी बरं म्हटलं.

श्रावण लागला. ओसरीवर चौरंगावर मोबाईल ठेवला. कुणा पुरुषाचा आवाज कुठंही न अडता वाचत राहिला. बायका शेंगा फोडत ऐकत होत्या. मध्येच काकूंनी विचारलं, "कळतंय का गं तुला?"

मी नुसती मान हलवली.